आधी साखर तपासा, मग स्वभावाला नावं ठेवा

मधुमेही माणूस असलेल्या घरात काही वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘बाबा हल्ली जेवणाआधी फार चिडतात.’ ‘आईला सकाळी उठल्यावर तासभर काही सुधरत नाही.’ ‘काका परवा बँकेत सही करायचं सोडून नुसतेच कागदाकडे बघत बसले.’ त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘वय झालं आता.’ वय झालेलं असेलही. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तोच बहुतेक घरांत राहून जातो. त्या क्षणी शुगर किती होती?

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली जवळजवळ २० टक्के एकट्या मेंदूला लागते. दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तासाला साधारण चहाचा एक चमचा. यकृताकडे साखरेचा साठा असतो, स्नायूंकडे असतो. मेंदूचं मात्र हातावर पोट आहे. रक्तातून आलं तर खायचं, नाही आलं तर काही मिनिटांत उपास. आणि हे ग्लुकोज आत घ्यायला मेंदूला इन्सुलिन लागत नाही. स्नायूंची आणि चरबीच्या पेशींची दारं इन्सुलिन उघडतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधली ग्लुट-१ आणि चेतापेशींवरची ग्लुट-३ ही वाहक प्रथिनं इन्सुलिनवाचूनच काम करतात. म्हणून इन्सुलिन जास्त झालं की स्नायू आणि चरबी साखर ओढून घेतात, यकृत साखर सोडणं थांबवतं आणि मेंदूच्या वाट्याला उरतंच थोडं.

निरोगी शरीर ही वेळ सहसा येऊ देत नाही. साखर ८० मिलिग्रॅमच्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं (इथून पुढचे साखरेचे सगळे आकडे रक्ताच्या दर डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे). ६५ ते ७० ला साखर चढवणारी संप्रेरकं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनालिन वाढतात. तरीही घसरण थांबली नाही, तर ५५ च्या आसपास छाती धडधडते, हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, कडकडून भूक लागते. ही शरीराची आरडाओरड आहे आणि ती फार मोलाची आहे. कारण ५० च्या खाली मेंदूच उपाशी पडू लागतो. शब्द सापडत नाहीत, जीभ जड होते, साधी बेरीज जमत नाही, एकाचे दोन दिसतात. आणखी खाली गेलं की झटके येतात, शुद्ध हरपते. साखर अशी फार खाली जाणं म्हणजे ‘हायपो’. डॉक्टर ७० च्या खाली त्याची पहिली पायरी धरतात आणि ५४ च्या खाली दुसरी. तिसऱ्या पायरीला आकडाच नाही. स्वतःला सावरायला दुसऱ्या माणसाची मदत लागली, की ती तिसरी.

इंजेक्शन घेणाऱ्याच्या किंवा काही विशिष्ट गोळ्या खाणाऱ्याच्या अंगात स्वादुपिंडाचा हा पहिला बचाव चालत नाही. टोचलेलं इन्सुलिन परत मागे घेता येत नाही.

साखर घसरू लागली की आधी जाते ती अवघड कामं करण्याची बुद्धी. दोन गोष्टी एकदम सांभाळणं, विचार बदलणं, स्वतःला आवरणं. चालणं-बोलणं नंतर जातं. त्यामुळे मधल्या काही मिनिटांत माणूस वरवर ठीक दिसतो, पण हट्टी होतो. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य हायपोमध्ये इतक्यांदा ऐकू येतं, की माझ्या मते ते लक्षणांच्या यादीतच घालायला हवं. अशा वेळी ‘साखर देऊ का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नको’ असंच येणार, कारण ठरवणारा मेंदूच उपाशी आहे. पेला हातात द्या आणि शांतपणे म्हणा, ‘हे प्या.’ वाद घालू नका, आणि नंतर त्या बोलण्याचा राग धरू नका.

पेल्यात काय? १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर. घरातल्या चहाच्या चमच्याने साखरेचे ३ चमचे, अर्धा पेला पाण्यात, तळाशी एक दाणा न उरेपर्यंत ढवळून. घाईत पेल्याच्या तळाशी राहिलेली साखर पोटात गेलेली नसते, ही अगदी नेहमीची चूक. १५ मिनिटं थांबा, पुन्हा बोट टोचून बघा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत. वर आली आणि जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा दूध-बिस्किटं असं काही टिकणारं खायला द्या, नाहीतर साखर चढून परत उतरते. तपासायला यंत्र हाताशी नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर थांबू नका, साखर द्या. शुगर मुळात जास्त असलीच तर १५ ग्रॅमने आभाळ कोसळत नाही. ती ३५ असेल तर मात्र एकेक मिनिट महत्त्वाचं.

पेढा, बर्फी, चॉकलेट ही ‘गोड’ म्हणून पहिल्यांदा हात जाणारी घरगुती औषधं इथे उपयोगाची नाहीत. त्यांतलं तूप आणि साय पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. ‘डाएट’ लिहिलेल्या शीतपेयात आणि शुगर-फ्रीच्या गोळीत तर ग्लुकोज नसतंच.

आणि एक बाब आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल, तर साधी साखर वेळेवर कामी येणार नाही. ही औषधं आतड्यातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) साखर फुटून ग्लुकोज होतं, त्यालाच अडवतात. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज ही तिन्ही एकाच गोळीत मिळतात आणि भरपूर दिली जातात. म्हणजे साखर खाली नेणारं औषध आणि साखरपाणी निकामी करणारं औषध एकाच पाकिटात. अशा घरात ग्लुकोजचीच पावडर हवी, पाकीट फोडून कोरड्या डब्यात, उशाजवळ. पाकीट आजच वाचा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, मध नाही, हिरड्यांना साखर चोळणंही नाही; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. ग्लुकागॉनचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन घरात असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या. त्यानंतर उलटी होऊ शकते, म्हणूनही कुशीवर. दिवसभराचा उपास किंवा दारू झालेली असेल तर ते अपुरं पडतं, कारण ग्लुकागॉन यकृतातला साठाच बाहेर काढतं आणि तो आधीच संपलेला असतो. दवाखान्यात शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) देतात, १०० मिलिलिटर म्हणजे २५ ग्रॅम. बेशुद्ध माणूस पाच-दहा मिनिटांत डोळे उघडून ‘काय झालं?’ विचारतो. तसं झालं नाही तर साखर किती वेळ खाली होती आणि दुसरं काही कारण आहे का, हे शोधावं लागतं.

रक्तातला आकडा सुधारला म्हणजे डोकं लगेच ताळ्यावर आलं असं नाही. विचार करण्याचा वेग परत यायला पाऊण तास तरी लागतो. त्यामुळे स्कूटर किंवा गाडी चालवणाऱ्यांनी दोन आकडे लक्षात ठेवावेत: निघताना साखर ९० च्या वर, आणि हायपो झालाच तर आकडा बरोबर आल्यावरही ४५ मिनिटं गाडीला हात नाही.

आता त्या आरडाओरडीकडे परत येतो, कारण धोका तिच्या नसण्यात आहे. अमेरिकेतल्या फिलिप क्रायर या डॉक्टरांनी हे नीट मांडलं: एका हायपोनंतर पुढच्या हायपोची सूचना क्षीण होते. शरीर सवय करून घेतं. वारंवार खाली जाणाऱ्या माणसाला घाम नाही, धडधड नाही. थेट ४५ ला गोंधळ. दिलाशाची गोष्ट अशी, की दोन-तीन आठवडे एकही हायपो होऊ न देता काढले तर ती जाणीव बऱ्याच जणांत परत येते. त्यासाठी डॉक्टर काही काळ साखर मुद्दाम थोडी वर ठेवतात. ‘साखर वाढवून ठेवली’ म्हणून घाबरू नका, तो उपचार आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असतील तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही, तेव्हा अशा माणसात घामाकडे लक्ष ठेवा. आणि सत्तरीपुढे एक वेगळीच अडचण येते. तरुण माणसात शरीराची सूचना आणि मेंदूचा गोंधळ यांच्यात थोडी फट असते, साखर खायला वेळ मिळतो. म्हातारपणी ती फट जवळजवळ मिटते. सूचना आणि गोंधळ हातात हात घालून येतात.

याच्या उलटंही घडतं. महिनोन् महिने साखर २५०-३०० राहिलेल्या माणसाची नवीन औषधाने १२० झाली, की त्याला घाम फुटतो, गळून जायला होतं. हा खरा हायपो नव्हे. मेंदू चढ्या साखरेला सरावलेला असतो. मोजून बघा, ७० च्या वर असेल तर साखरपाणी नको, वेळेवर जेवण पुरे. दोन-चार आठवड्यांत हे आपोआप शमतं. न मोजता दर वेळी साखर खाल्ली, तर औषध वाढतं, साखरही वाढते आणि हा खेळ चालूच राहतो.

मोजताना हात धुतलेले हवेत. आंबा किंवा केळं सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि ६० ची साखर १४० दिसू शकते. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला असेल आणि त्याच कुशीवर झोपला असाल, तर दाबामुळे तो खोटाच कमी आकडा दाखवतो. शंका आली तर बोटच टोचा.

संकष्टीचा दिवस घ्या. आजींनी नेहमीप्रमाणे सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. औषध आहे, चुकवायचं नाही. दुपारी चार चमचे साबुदाण्याची खिचडी. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढेमागे. गोळीचा अंमल २४ तासांचा, ती दिवसभर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. खिचडीने साखर तासाभरात भसकन वर आणि तीन-चार तासांत खाली. संध्याकाळी सातला आजी देवघरात बसल्या आहेत, जपाची माळ हातात आहे आणि त्या त्याच मण्यावर थांबल्या आहेत. हाक मारली तर बघतात, बोलत नाहीत. घरच्यांना वाटतं, ध्यान लागलं किंवा झोप आली. साखर असते ४१. उपास सोडा असं मी म्हणणार नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उपासाच्या दिवसाचा गोळीचा हिशेब वेगळा असतो आणि तो आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. नवरात्राचे नऊ दिवस असतील तर नक्कीच. आणि साखर ७० च्या खाली गेली, तर त्या क्षणी उपास संपला.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या कुळातल्या गोळ्यांनी झालेला हायपो एकदा साखर देऊन संपत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात रेंगाळतं आणि साखर चार-सहा तासांनी पुन्हा कोसळते. म्हणून अशा माणसाला शुद्ध आल्यावर घरी न आणता निदान २४ तास दवाखान्यात ठेवतात. ‘बरे झाले की’ म्हणून घरी आणण्याचा आग्रह धरू नका. नुसतं मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा डापाग्लिफ्लोझिन यांनी सहसा हायपो होत नाही. म्हाताऱ्या माणसाला वारंवार हायपो होत असेल, तर गोळी बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

इन्सुलिनच्या चुका वेगळ्या. आपल्याकडे कुपीत ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. दोन्ही शेजारी ठेवून बघा: नळी तेवढीच दिसते, खुणा वेगळ्या. १०० ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन २० नव्हे, ५० युनिट असतं. अडीच पट. उलट चूक झाली तर २० ऐवजी ८ युनिटच जातं. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असं सांगून दुसरी कुपी दिली तर लेबलवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मुळातच गढूळ दिसणारं, सावकाश काम करणारं इन्सुलिन दोन्ही तळव्यांत १० ते २० वेळा फिरवून एकसारखं दुधी करायचं, हलवून फेस काढायचा नाही. एकाच जागी टोचून पोटावर मऊ गाठ झाली असेल तर तिथे सुई दुखत नाही, म्हणून माणसं तिथेच टोचतात. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. आज नाही, उद्या दुप्पट.

रात्रीच्या गढूळ इन्सुलिनचा जोर साधारण ४ ते १० तासांनी असतो, म्हणजे मध्यरात्रीनंतर. झोपेत अ‍ॅड्रेनालिनची आरडाओरडही मंदावते. भिजलेला सदरा, वाईट स्वप्नं, झोपेत बरळणं, सकाळी जड डोकं आणि तासभर न सुधरणं ही त्या रात्रीची खूण. सकाळी साखर १८० आली म्हणून रात्रीचा डोस वाढवण्याआधी एक-दोन रात्री गजर लावून ३ वाजता तपासा. दारू प्यायलेली असेल तर धोका आणखी मोठा, कारण दारू यकृताला नवीन साखर बनवू देत नाही आणि घरचे समजतात, चढली आहे.

अर्धांगवायूसारखं तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलेलं असंही कमी साखरेने होतं आणि साखर दिल्यावर जातं. म्हणून रुग्णवाहिकेची वाट बघताना एकदा बोट टोचा. पण साखर बरोबर निघाली, तर क्षणही न दवडता मोठ्या दवाखान्यात.

चढ्या साखरेचं काम सावकाश चालतं. २७० च्या वर गेल्यावर काही जणांचा आकडेमोडीचा आणि शब्द आठवण्याचा वेग तात्पुरता मंदावतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. सगळ्यांचा नाही. खरी आणीबाणी येते ती ६०० च्या वर. ग्लुकोमीटरवर आकड्याऐवजी ‘हाय’ उमटतं. बहुतेकदा म्हातारा माणूस असतो; ताप, लघवीचा संसर्ग, स्टेरॉइड किंवा औषधं बंद केल्याचं निमित्त असतं; दोन-तीन दिवस भरमसाट लघवी आणि कमी पाणी. रक्त घट्ट होतं आणि मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं. माणूस गुंगीत जातो, झटके येतात, क्वचित एका बाजूचा हात-पाय आपोआप नाचल्यासारखा हलत राहतो. अंगातलं पाणी ८-९ लिटरपर्यंत घटलेलं असू शकतं. हे घरी सुधारायचं प्रकरण नव्हे, आणि तहान लागली म्हणून शहाळं, उसाचा रस, सरबत देणं म्हणजे आगीत तेल.

आता इन्सुलिनचं मेंदूतलं स्वतःचं काम. बरीच वर्षं समज असा होता की मेंदूचा आणि इन्सुलिनचा संबंध नाही. १९७८ मध्ये याना हव्रानकोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे ग्राहक (ते ओळखून धरणारी प्रथिनं) जागोजागी असल्याचं दाखवलं. भूक ठरवणाऱ्या अधश्चेतकात, स्मृती बनवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, वास ओळखणाऱ्या भागात. ग्लुकोज आत घ्यायला मेंदूला इन्सुलिन लागत नाही, पण ‘पोट भरलं, आता थांब’ हा निरोप द्यायला आणि चेतापेशींतले जोड घट्ट करायला लागतं. रक्तातून ते ठरावीक वाहकांनीच आत जातं. रक्तात वर्षानुवर्षं इन्सुलिन चढं राहिलं, म्हणजे इन्सुलिन-रोध असला (पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या), की ही वाहतूक मंदावते. बाहेर पूर, आत कोरड. शिवाय इन्सुलिन मोडणारं एक विकर अल्झायमरमध्ये साठणारं बीटा-अमायलॉइडही मोडतं. ते एका कामात गुंतलं की दुसरं मागे पडतं, असा एक तर्क आहे.

आपल्या लोकांनी इन्सुलिन-रोध आहे की नाही हे वजनकाट्यावरून ठरवू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हडकुळा दिसणारा, पोट थोडं सुटलेला मराठी माणूस इन्सुलिन-रोधी असू शकतो, तो असा.

अल्झायमरला ‘टाइप ३ मधुमेह’ म्हणण्याची पद्धत २००५ पासून पडली. मला हा शब्द आवडत नाही. तो अधिकृत निदान नाही आणि त्यातून दोन गैरसमज पसरतात: साखर सोडली की अल्झायमर बरा होतो, आणि इन्सुलिन टोचलं की स्मृती जाते. नाकावाटे थेट मेंदूकडे इन्सुलिन पोहोचवण्याची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाने सुरुवातीच्या अल्झायमरची चाल मंदावते का हे पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तिथेही नाही. दुसऱ्या गैरसमजाचं मूळ नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या १९९९ च्या अभ्यासात शोधता येतं. मधुमेहींत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत चौपटीहून जास्त. पण इन्सुलिनपर्यंत कोण पोहोचतं? ज्यांचा आजार सर्वांत जुना आणि रक्तवाहिन्या सर्वांत जास्त खराब झालेल्या, ते. इन्सुलिनची गरज असताना ते भीतीने टाळणं, हे मेंदूसाठी टोचून घेण्यापेक्षा नक्कीच वाईट.

मधुमेहात मेंदूचं दीर्घकाळचं नुकसान मुख्यतः बारीक रक्तवाहिन्यांमधून होतं. आधी स्मृती नाही, वेग जातो. सुटे पैसे मोजायला वेळ लागतो, फोनवर बोलता बोलता गॅस बंद करणं राहतं, इन्सुलिन घेतलं की नाही हे आठवत नाही. शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची. आठवत नसेल तर पुन्हा टोचायचं नाही. एक डोस चुकला तर टाइप २ मध्ये साखर बहुधा दिवसभर चढी राहील. दोनदा गेला तर रात्री हायपो. कॅलेंडरवर टोचल्या टोचल्या फुली मारण्याची सवय लावा, टोचण्याआधी नव्हे.

वॉशिंग्टन राज्यातल्या २०१३ च्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्यांतही सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका १८ टक्के जास्त दिसला. आणि कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेहींच्या २००९ च्या अभ्यासात दवाखान्यात न्यावं लागलेला एक हायपो झालेल्यांत तो धोका २६ टक्के, दोन झालेल्यांत ८० टक्के जास्त. म्हणजे दोन्हीकडून घसरण. म्हणूनच ७८ वर्षांच्या, ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजोबांचा एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) ६.२ टक्के आला तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. धडधाकट ज्येष्ठांना ७ ते ७.५ पुरे, सोबत इतर आजार किंवा विसराळूपणा असेल तर ८ पर्यंत चालतं, म्हणजे सरासरी १८३. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा चढा येतो, तेही ध्यानात ठेवा.

स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्याआधी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं, दिवसाला दीड-दोन ग्रॅम चालू असेल आणि माणूस शाकाहारी असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी. पायांची जळजळ मधुमेहाची समजली जाते, विसरणं वयाचं समजलं जातं, आणि दोन्ही कदाचित याच एका कमतरतेचं असतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता नक्की, २०० ते ३०० संशयास्पद. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निश्चिंत राहू नका, विशेषतः फॉलिक अ‍ॅसिड चालू असेल तर. इंजेक्शनं किंवा १००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या स्वस्त आहेत. उशीर झाला तर मात्र नसांचं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. सोबत थायरॉइडही बघावं.

पासष्टीनंतर वर्षातून एकदा छोटी परीक्षा घेता येते, दवाखान्यात तीन मिनिटांत होते. तीन शब्द सांगायचे: केळं, सूर्योदय, खुर्ची. मग घड्याळ काढायला सांगायचं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. मग शब्द परत विचारायचे. प्रत्येक शब्दाला १ गुण, घड्याळाला २. पाचापैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. बारकाईने बघायचं ते घड्याळाकडे. गोंधळलेला माणूस बहुधा दुसरा काटा २ वर न नेता १० वर नेतो, कारण कानावर ‘दहा’ पडलेलं असतं. शाळा न शिकलेल्या आजींना हे घड्याळ काढायला लावणं अन्यायाचं. त्यांना दूधवाल्याचा हिशेब आणि गोळ्यांच्या वेळा विचारा. आणि परीक्षेआधी बोट टोचा. ६२ च्या साखरेवर काढलेलं वाकडं घड्याळ काहीच सिद्ध करत नाही.

डॉक्टरांकडे जाताना ‘मधूनमधून विचित्र वागतात’ एवढंच सांगू नका. वहीत एक ओळ लिहा: तारीख, वेळ, शुगर, शेवटचं जेवण किती वाजता, शेवटचा डोस कोणता आणि किती, काय वेगळं दिसलं, साखर दिल्यावर किती मिनिटांनी ठीक झाले. उदाहरणार्थ, ‘दुपारी १२.४०, ५१, नाश्ता ८ वाजता, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, शर्टाची बटणं लावता येईनात, २० मिनिटांनी ठीक.’ अशा चार ओळी असल्या, की डॉक्टरांना कोणती गोळी कमी करायची ते तिथल्या तिथे ठरवता येतं.